थायरॉइडचा चांगला डॉक्टर : एका शोधाचा इतिहास

नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या भागांतील मराठी घरांतून एकमेकांकडे जाणे-येणे झाले, की चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, गावाकडे पाऊसपाणी कसे आहे. आणि दुसरा, थायरॉइडसाठी चांगला डॉक्टर कोण. पहिला प्रश्न तापी व्हॅली रेल्वेने खानदेशातून सुरतेस आलेल्या आमच्या वाडवडिलांपासून चालत आला आहे. दुसरा मात्र अलीकडच्या दोन-तीन दशकांतला. निदान तसे आपणांस वाटते. वस्तुतः हा प्रश्न फार जुना आहे. केवळ तो विचारण्यासाठी लागणारा शब्द आपल्यापाशी नव्हता. शब्द नव्हता तेव्हा त्या दुखण्यास घराघरांतून दुसरेच नाव दिले जात असे, आणि ते नाव दुखण्याला न चिकटता माणसाला चिकटत असे. त्या नावाची गोष्ट शेवटी येईलच. आधी या शोधाचा इतिहास थोडक्यात पाहू.

आपल्या बोलण्यातील एक गंमत प्रथम सांगावयास हवी. ‘तिला थायरॉइड झाला’ असे आपण सर्रास म्हणतो. थायरॉइड, म्हणजे शास्त्रीय मराठीतील अवटू ग्रंथी, ही प्रत्येकाच्या गळ्यात जन्मतःच असते. फुलपाखराच्या आकाराची ही लहानशी ग्रंथी जे स्राव रक्तात सोडते, त्यांच्या बळावर शरीराची ऊब, हृदयाची गती, पचन, त्वचा, केस, मासिक धर्म आणि मनाचा उत्साह ही सर्व चालतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिच्यावर देखरेख करते. यंत्रमागांच्या खात्यातला मुकादम आठवावा. माग नीट चालत असेल तर तो हळू बोलतो. माग मंदावला की त्याचा आवाज चढतो. रक्ततपासणीतील टी.एस.एच. हा त्या मुकादमाचा आवाज होय. म्हणून अहवालात टी.एस.एच. ‘वाढला’ असे दिसले, तर ग्रंथीचे काम ‘कमी’ झाले असे समजावयाचे. हा उलटा हिशेब ध्यानी न आल्यामुळे ‘थायरॉइड वाढला’ म्हणून औषध टाळणारी माणसे आमच्या पाहण्यात आहेत.

प्राचीनांना गळ्यावरची सूज ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची व अर्बुद यांच्या जोडीने गलगंडाचे वर्णन आले आहे आणि त्याचे वातज, कफज व मेदोज असे भेदही सांगितले आहेत. आपल्याकडे पुष्कळ जण गलगंड आणि गालगुंड यांची गल्लत करतात. गालगुंड हा मुलांना होणारा, कानाखाली सूज आणणारा निराळा सांसर्गिक आजार होय. परंतु गळ्यावरची सूज आणि सर्वांगाचे मांद्य यांचा परस्परसंबंध उलगडण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

१८७३ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे सर विल्यम गल या डॉक्टरांनी एक निबंध वाचला. प्रौढ वयातील काही स्त्रिया हळूहळू जड, सुजलेल्या, मंद होत जातात. जीभ जाड होते, बोलणे संथ होते, थंडी सोसत नाही. पूर्वी चलाख असलेल्या बाईचे असे का व्हावे, हा त्यांचा प्रश्न होता. या स्त्रियांचे हृदय वा मूत्रपिंड बिघडले आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. गल यांनी तसे केले नाही. आपल्यासमोर एक स्वतंत्र अवस्था आहे, एवढे त्यांनी नोंदवून ठेवले. १८७८ साली विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेस मिक्सिडीमा हे नाव दिले. उपाय कोणालाच ठाऊक नव्हता. तरी बाईची तक्रार खरी आहे, हे मान्य झाले होते, आणि या आजाराच्या इतिहासात ती लहान गोष्ट नव्हे.

यानंतरचा अध्याय स्वित्झर्लंडमधला आहे, आणि चांगला डॉक्टर कोण या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते त्यातच दडलेले आहे. बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेत जगात अग्रगण्य होते. डोंगराळ स्वित्झर्लंडमध्ये गलगंड घरोघर. पूर्वी या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाने व जंतुदोषाने माणसे दगावत. कोखर यांच्या काटेकोर हाताखाली ती वाचू लागली. संपूर्ण ग्रंथी काढून टाकावी, जखम भरावी, रुग्ण घरी जावा. कामगिरी फत्ते! पण आपल्या एका शस्त्रक्रिया केलेल्या मुलीची वाढ खुंटली असून ती मतिमंद झाली आहे, असे त्यांच्या कानी आले. दुसरा कोणी असता तर ‘शस्त्रक्रिया तर यशस्वी झाली होती’ असे म्हणून गप्प बसला असता. कोखर यांनी जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले. ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली होती, त्यांपैकी बहुतेकांची तीच गत झालेली त्यांना आढळली. १८८३ साली त्यांनी ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंसमोर जाहीरपणे मांडली, आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. जिनिव्हाच्या जाक रेव्हर्दँ यांनाही आदल्या वर्षी असाच अनुभव आला होता. कोखर यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या हाताचे कौशल्य जगाने वाखाणलेच. आम्हांस मात्र त्यांचे मोठेपण बऱ्या झालेल्या रुग्णास पुन्हा बोलावण्यात अधिक दिसते. जो आजार आयुष्यभर सोबत करणार आहे, त्याचा वैद्य एकदा पाहून निरोप देणारा असून भागत नाही.

१८८८ साली लंडनच्या समितीने निष्कर्ष काढला, की गल यांच्या स्त्रिया, कोखर यांचे रुग्ण आणि जन्मतःच खुंटलेली मुले यांचे मूळ एकच आहे. ते म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा अभाव. मग उपाय सुचावयास वेळ लागला नाही. १८९१ साली न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून ४६ वर्षांच्या एका बाईस टोचला. सूज उतरली, बोलणे सुधारले, थंडी पळाली. पुढे तो अर्क तोंडावाटे देऊनही चालतो असे दिसून आले. ही बाई त्यानंतर २८ वर्षे जगली आणि १९१९ साली वयाच्या ७४व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिला लागलेल्या औषधासाठी ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या, असा हिशेब मरे यांनीच मांडून ठेवला आहे. एकाच रुग्णाचा २८ वर्षांचा हिशेब ठेवणारा डॉक्टर! येथेही तीच गोष्ट.

मेंढीच्या अर्कात औषधाचे प्रमाण कमी-जास्त होई. १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतील मुख्य द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले, तेच थायरॉक्सिन. १९२६-२७ मध्ये इंग्लंडात चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. आज आपल्या घरांतून फडताळावर दिसणारी बाटली ही त्याचीच कृत्रिम गोळी होय. ग्रंथी का मंदावते, याचे एक प्रमुख कारणही याच काळात हाती लागत होते. जपानमधील हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींतील विशिष्ट बदलांचे वर्णन केले. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या ग्रंथीवर उलटते आणि त्यातून हे घडते, हे लंडनच्या संशोधकांनी १९५६ साली दाखविले. शहरांतून आज आढळणाऱ्या मंद थायरॉइडचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. यात खाण्यापिण्याची चूक नाही, आणि बाईच्या स्वभावाचा तर काहीच संबंध नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे प्रश्नाचे निराळे अंग होते, ते म्हणजे आयोडीन. थायरॉक्सिन घडविण्यास आयोडीन लागते. प्रौढ माणसास दिवसाला अवघे दीडशे मायक्रोग्रॅम. हिमालयाच्या पायथ्याशी जमिनीतून ते धुऊन गेलेले असल्याने गावेच्या गावे गलगंडाने ग्रासलेली होती. १९५६ पासून पंजाबच्या कांगडा खोऱ्यात (आता ते हिमाचल प्रदेशात आहे) डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग चालविला. खोऱ्याचे तीन भाग केले; दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एकात साधे. शाळकरी मुलांपैकी सुमारे चाळीस टक्के मुलांना आरंभी गलगंड होता. काही वर्षांत आयोडीनच्या भागांत तो निम्म्याहून खाली आला; साध्या मिठाच्या भागात होता तसाच राहिला, आणि मग तेथेही आयोडीनयुक्त मीठ सुरू करण्यात आले. या कार्याचा जो अहवाल जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत १९७३ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही दोन मराठी नावे आहेत. पोटासाठी वा विद्येसाठी मुलूख सोडून गेलेल्या मराठी माणसांच्या कामगिरीची यादी करताना आपण सैनिक, सरदार व गवई आठवतो. हिमालयातील मुलांच्या गळ्यावरची सूज उतरविणाऱ्या या दोघांनाही त्या यादीत जागा असावी.

कांगड्यातील या मिठाचा आपल्या सुरतेशी जवळचा संबंध आहे. देशातील मिठापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरात पिकवितो. ६ एप्रिल १९३० रोजी ज्या दांडीला गांधीजींनी मूठभर मीठ उचलले, आणि त्याच वर्षी २१ मे रोजी ज्या धरासण्याच्या आगरांवर सत्याग्रहींनी लाठ्या झेलल्या, ती दोन्ही ठिकाणे त्या काळी सुरत जिल्ह्यातच मोडत. मीठ हे गरिबातल्या गरिबाच्या घरी जाते, म्हणून गांधीजींनी ते लढ्यासाठी निवडले. आणि नेमक्या त्याच कारणास्तव वैद्यकाने ते औषधाचे वाहन म्हणून निवडले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे असे दिसून आले, की हा रोग केवळ डोंगराळ मुलखाचा नाही. आपल्या शेजारच्या, समुद्रालगतच्या भरूच जिल्ह्यातही तो आढळला. खाण्याच्या सर्व मिठात आयोडीन घालावे, असे १९८४ मध्ये ठरले. साध्या मिठाच्या विक्रीवर बंदी आली, २००० साली ती उठली आणि १७ मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. बंदी असावी की नसावी, यावर दोन्ही बाजूंनी कडाक्याचे वाद झाले. त्या वादात न शिरता एवढेच म्हणू, की आपल्या नातवंडांच्या पिढीत गळ्याला सूज असलेले मूल वर्गात क्वचितच दिसते, ते त्या पिशवीतल्या मिठामुळे.

मिठाने गलगंड हटला. पण हाशिमोतो यांनी वर्णिलेला आजार मिठाने बरा होत नाही. मुंबई, अहमदाबाद, गोवा यांसह आठ ठिकाणी झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ दर दहांत एकाची ग्रंथी मंद आढळली. अशी मंद ग्रंथी ओळखण्याचे साधन म्हणजे रक्तातील स्राव मोजणे. रक्तातील अतिसूक्ष्म द्रव्ये किरणोत्सर्गी पदार्थांच्या साह्याने मोजण्याची रीत रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी शोधली, आणि त्याबद्दल यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर निवर्तले होते. भारतात थायरॉइडसाठी अणुशक्तीचा उपयोग करणारे मोठे केंद्र मुंबईस परळला १९६३ साली उभे राहिले. भाभा अणुसंशोधन केंद्राचे हे रेडिएशन मेडिसिन सेंटर. सुरतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यानंतर वर्षभराने, १९६४ साली निघाले. थायरॉइडच्या खास तपासणीसाठी त्या काळी आपल्या माणसांची वाट मुंबईचीच असे. पहाटेची फ्लाइंग राणी, दादरला उतरणे, परळपर्यंत चालत किंवा बसने, आणि संध्याकाळच्या त्याच गाडीने परत.

आमच्या घरातील एक काकू या वाटेने गेल्या होत्या. त्यांची हकिकत सांगतो, कारण या लेखाचे खरे कारण तीच आहे. लग्न होऊन त्या सुरतेस आल्या तेव्हा चाळीत त्यांच्याइतकी चपळ सून नव्हती, असे सारे सांगत. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्या हळूहळू बदलल्या. सकाळी उठवेना. चेहरा सुजला, केस गळले, बद्धकोष्ठ जडले. सुरतेच्या उन्हाळ्यात त्या अंगावर शाल घेऊन बसत. भाकरी थापता थापता हात थांबत. डॉक्टर झाले, वैद्य झाले. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, ताकदीची औषधे झाली. बायकांचे असेच असते, असा शेराही मिळाला. अशी आठ-नऊ वर्षे गेली. मग वस्तीतल्या एका साध्या डॉक्टरांनी, मुलाच्या तापासाठी त्या गेल्या असता, औषध लिहिता लिहिता मान वर करून विचारले, ‘‘बाई, तुमचा आवाज पूर्वीपासूनच असा घोगरा आहे का?’’ इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनीच परळला चिठ्ठी दिली. गोळी सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत काकूंचा जुना आवाज घरात पुन्हा ऐकू आला.

दोष डॉक्टरांवर टाकून आम्ही मोकळे होऊ शकलो असतो. परंतु त्या वर्षांत काकूंना ‘सुस्त’ म्हणणारे डॉक्टर नव्हते, आम्हीच होतो. सासू म्हणत, जावा म्हणत, आणि मोठ्यांचे ऐकून आम्ही मुलेही म्हणत असू. लेखाच्या आरंभी ज्या नावाचा उल्लेख केला, ते हेच. बऱ्या झाल्यावर काकू एकदाच बोलल्या : ‘‘मलासुद्धा वाटू लागलं होतं की मी आळशीच आहे.’’ त्या वाक्याला आमच्या घरात आजवर कोणी उत्तर दिलेले नाही.

तेव्हा, थायरॉइडचा चांगला डॉक्टर कोण? आम्ही कोणाचे नाव सुचविणार नाही. पण इतिहासाने दिलेल्या खुणा सांगू शकतो. तो आधी ऐकतो आणि मग मोजतो. थकवा, वजन, थंडी, आवाज, पाळी, घरात कोणाला हा आजार होता का, हे विचारतो. गळ्याला हात लावून पाहतो. टी.एस.एच. व टी-४ तपासतो. आकडा थोडाच वाढलेला असेल, तर घाईने जन्माची गोळी न लावता काही आठवड्यांनी पुन्हा तपासतो. वृद्धांना आणि हृदयविकार असणाऱ्यांना अल्प मात्रेपासून सुरुवात करतो. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी बोलावतो. घडी बसली की वर्षातून एक-दोनदा. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करावा, लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे, बाटली दमट जागी ठेवू नये, हे तो स्वतः समजावून सांगतो. लेक वा सून गरोदर राहताच मात्रा वाढवावी लागते, म्हणून दिवस गेल्याचे कळताच तपासणी करावयास सांगतो; आणि नवजात बाळाच्या रक्ताची तपासणी पहिल्या काही दिवसांत व्हावी असा आग्रह धरतो, कारण जन्मतः मंद असलेली ग्रंथी पहिल्या दोन आठवड्यांत ओळखून औषध दिले, तर मुलाची बुद्धी वाचते. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नका, हे तो दर खेपेस बजावतो.

एवढे सारे करणारा डॉक्टर बहुधा वस्तीतलाच एखादा फिजिशियन असू शकतो. गर्भारपण, लहान मूल, गळ्यात गाठ, किंवा मात्रा देऊनही आकडा न जुळणे, अशा प्रसंगी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे जावे. आणि आता त्यासाठी पहाटेची गाडी धरावी लागत नाही. सुरतेत ते तज्ज्ञ आहेत, आणि ही रक्ततपासणी तर गल्लीच्या कोपऱ्यावर होते. मोठे नाव शोधण्यापेक्षा जवळचा, वर्षानुवर्षे आपली वही पाहणारा डॉक्टर या आजारात अधिक उपयोगी पडतो. मरे यांनी त्या बाईसाठी २८ वर्षे हिशेब ठेवला होता, तो याचसाठी.

मात्र डॉक्टरांकडे पोहोचण्याआधी एक तपासणी घरात व्हावयाची असते, आणि ती करणारे आपण असतो. घरातील एखादी चलाख बाई मंदावू लागली, तर तिला काय म्हणावयाचे हे आपल्या हाती आहे. गल यांच्यापाशी औषध नव्हते. त्यांनी फक्त तिची तक्रार खरी मानली. तेवढे करण्यास पदवी लागत नाही.